इन्सुलिननंतर पीटीपी१बीच्या क्रियेत फरकच दिसत नाही

प्रश्न
हेपजी२ (मानवी यकृताच्या कर्करोगातून आलेल्या) पेशींना १०० नॅनोमोलर इन्सुलिन १० मिनिटं देऊन लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) पीएनपीपी, म्हणजे फॉस्फेट तुटलं की पिवळा रंग देणारं रसायन, वापरून पीटीपी१बी मोजतोय. हे प्रथिनांतल्या टायरोसिनवरचं फॉस्फेट काढणारं एन्झाइम (टायरोसिन फॉस्फेटेज) आहे. लायसिस (पेशी फोडण्याच्या) बफरमध्ये १% ट्रायटन (डिटर्जंट) आणि १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट, धुणं पीबीएसने (फॉस्फेट असलेलं सलाइन), अभिक्रियेत १ मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडीकरण उलटवणारं रसायन). रीडिंग जेमतेम ब्लँकच्या वर. व्हॅनाडेट वगळलं की पिवळा रंग भरपूर, पण इन्सुलिन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी सारख्याच. काय चुकतंय?

प्रतिसाद १
व्हॅनाडेट टायरोसिन फॉस्फेटेजलाच रोखतं. वेस्टर्न ब्लॉटचा लायसिस बफर इथे चालणार नाही. पीबीएसही नको, कारण फॉस्फेट हे याच अभिक्रियेचं उत्पादन आणि ते सक्रिय जागा अडवतं. शेवटचं धुणं थंड हेपीस-सलाइनने करा. ट्रायटन मात्र हवंच, हे एन्झाइम ईआरच्या (पेशीतल्या एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या) पडद्याला बांधलेलं असतं.

त्या भरपूर रंगावर विसंबू नका. पीएनपीपीला आम्ल, अल्कलाइन, सगळीच फॉस्फेटेज तोडतात. आधी पीटीपी१बीच्या अँटिबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन करा, म्हणजे अँटिबॉडी लावलेल्या बारीक मण्यांवर फक्त हेच एन्झाइम पकडा. सोबत साध्या आयजीजीचा (पीटीपी१बी न ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा) नमुना ठेवून त्याचं रीडिंग वजा करा.

मण्यांवर १०० मायक्रोलिटर बफर घाला: ५० मिलिमोलर मेस, पीएच ६.५, १ मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर पीएनपीपी. ३० अंशांवर १० मिनिटं हलवत ठेवा. वरचा द्रव प्लेटमध्ये घेऊन तेवढाच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड टाका, मग ४०५ नॅनोमीटरला वाचा. अल्कली विसरलात तर ६.५ पीएचला नायट्रोफिनॉल (पीएनपीपी तुटून बनणारा रंग) बरंचसं रंगहीन राहतं.

प्रतिसाद २
फरक पुसतंय ते डीटीटी. इन्सुलिनमुळे पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्याने पीटीपी१बीच्या सिस्टीन २१५चं ऑक्सिडीकरण होऊन एन्झाइम तात्पुरतं बंद पडतं. डीटीटी ते पुन्हा चालू करतं. नुसतं डीटीटी काढूनही भागत नाही, लायसिसच्या वेळी हवेतला ऑक्सिजन उरलेलं एन्झाइमही बिघडवतो.

म्हणून ऑक्सिजनमुक्त कक्षात, ऑक्सिजन काढलेल्या ५.५ पीएचच्या बफरमध्ये लायसिस करा आणि त्यात ताजं आयोडोअॅसेटिक अॅसिड घाला, प्रकाशापासून जपून. मोकळं सिस्टीन कायमचं बंद होतं, ऑक्सिडाइज झालेलं वाचतं. इम्युनोप्रेसिपिटेशननंतर मणी नीट धुऊन जादा अॅसिड काढा, मगच डीटीटी द्या. आता रीडिंग जितकं जास्त, तितकं पेशीत जास्त एन्झाइम बंद पडलेलं होतं. इथे अर्थ उलटा लावला जाण्याचा धोका मोठा आहे.

प्रतिसाद ३
आकडेमोडीत प्रकाशाच्या वाटेची लांबी धरा. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरला ती साधारण ०.५६ सेंमी भरते, १ नाही. नायट्रोफिनॉलचा प्रकाश-शोषण गुणांक १८,००० (प्रति मोलर प्रति सेंमी) धरला तर रीडिंगमध्ये ०.५ची वाढ म्हणजे सुमारे १० नॅनोमोल, म्हणजे १० मिनिटांत मिनिटाला १ नॅनोमोल. ५, १० आणि २० मिनिटांची रीडिंग सरळ रेषेत आली नाहीत तर हा दर वापरू नका.