मुख्यमंत्री थेट जनतेने निवडावा का?

(एका ऑनलाइन चर्चेचा धागा; लिहिणाऱ्यांनी सोलापुरातील ठिकाणांची टोपणनावे घेतली आहेत.)

बाळीवेस:
सोलापूर जिल्ह्यातील गावकरी आपला सरपंच थेट निवडतो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट किंवा सांगोल्याचा मतदार नगराध्यक्षही थेट निवडतो. राज्याचा मुख्यमंत्री कोण होणार, हे मात्र मतदान संपल्यावर आणि मतदाराला न विचारता ठरते. २०१९ मध्ये आपण विधानसभेसाठी एकदाच मत दिले आणि त्या एका सभागृहाच्या मुदतीत फडणवीस, ठाकरे आणि शिंदे असे तीन मुख्यमंत्री शपथ घेताना पाहिले. त्यांतील पहिली कारकीर्द तर २३ नोव्हेंबरला सुरू होऊन २६ नोव्हेंबरला आटोपली. जून २०२२ मध्ये सरकारचे भवितव्य आधी सुरतेत आणि मग गुवाहाटीच्या हॉटेलात ठरत होते. सांगोल्याच्या तत्कालीन आमदारांचे ‘काय झाडी, काय डोंगार’ ऐकून सारा महाराष्ट्र हसला. पण ज्या मतदारांनी त्यांना निवडून दिले होते, त्यांचे या निर्णयात स्थान काय, हा प्रश्न हसण्यावारी गेला.

माझे म्हणणे असे की, मुख्यमंत्री थेट निवडावा, त्याला पाच वर्षांची निश्चित मुदत द्यावी, मंत्री त्याने विधानसभेबाहेरूनही घ्यावेत आणि आमदारांनी कायदे, अंदाजपत्रक व देखरेख एवढेच सांभाळावे. मंत्रिपदाचे आमिषच नसेल, तर आमदार फोडून मिळणार काय? ही कल्पना नवी नाही. ऐंशीच्या दशकात आपल्याच राज्यातील काँग्रेस नेते अंतुले आणि वसंत साठे देशासाठी अध्यक्षीय पद्धत मागत होते. तेव्हा त्या मागणीकडे इंदिरा गांधींच्या हाती अधिक सत्ता एकवटण्याचा डाव म्हणून पाहिले गेले आणि विषय गुणदोषांवर तपासला गेलाच नाही.

चाटी गल्ली:
संसदीय चौकटीत सरकारप्रमुख थेट निवडण्याचा प्रयोग एका देशाने करून पाहिला आहे, तेव्हा कल्पनेवर वाद घालण्याआधी तो पाहू. इस्रायलमध्येही तक्रार हीच होती: लहान पक्ष सरकारला वेठीस धरतात, आघाड्यांचा बाजार भरतो आणि मतदार बाजूला राहतो. म्हणून १९९२ मध्ये कायदा झाला आणि १९९६ पासून मतदार दोन मते देऊ लागला, एक पंतप्रधानासाठी आणि दुसरे पक्षासाठी. पंतप्रधान मनासारखा निवडता येतो म्हटल्यावर लोकांनी दुसरे मत आपल्या जातकुळीच्या, पंथाच्या, गटाच्या लहान पक्षाला मोकळ्या मनाने दिले. १९९२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष आणि लिकुड या दोन मोठ्या पक्षांकडे १२० पैकी ७६ जागा होत्या. १९९९ मध्ये एहुद बराक यांनी पंतप्रधानपद स्पष्ट बहुमताने जिंकले, पण त्यांच्या आघाडीला २६ आणि लिकुडला १९, म्हणजे दोघांना मिळून ४५ जागा उरल्या. लोकांचा कौल खिशात असूनही बराक यांना सरकार चालवण्यासाठी त्याच लहान पक्षांच्या दारात उभे राहावे लागले, आणि तेही पूर्वीपेक्षा दुबळे होऊन. २००१ मध्ये इस्रायलने हा कायदा रद्द केला.

आपल्या नगरपालिकांत याची लहान आवृत्ती दिसतेच. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की विषयपत्रिकेवरचा प्रत्येक ठराव प्रतिष्ठेचा होतो. राज्याने ही पद्धत २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. प्रत्येक वेळी निर्णय सत्ताधाऱ्यांच्या सोयीने झाला, असे मला वाटते. २८८ आमदारांच्या सभागृहात ज्याच्याकडे ९० आमदार आहेत, असा थेट निवडलेला मुख्यमंत्री अंदाजपत्रक कसे मंजूर करून घेणार? अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांचे पटले नाही, तेव्हा २०१८-१९ च्या हिवाळ्यात केंद्र सरकारच्या अनेक खात्यांचे काम ३५ दिवस बंद होते.

बाळीवेस:
इस्रायलचे उदाहरण आपण दिलेत ते बरे केलेत, कारण त्यातील दोष थेट निवडणुकीच्या माथी मारला जातो. तेथे सारा देश हा एकच मतदारसंघ आहे, जागा मतांच्या प्रमाणात मिळतात आणि त्या काळी दीड टक्के मते मिळवणारा पक्षही सभागृहात बसत होता. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो, म्हणून लहान पक्षाला दिलेले मत सहसा जागेत उतरत नाही. शिवाय तेथे निवडलेल्या पंतप्रधानाला पाडण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला होता, म्हणजे मंत्रिमंडळ पूर्वीसारखेच आघाडीच्या मर्जीवर राहिले. मी निश्चित मुदत मागतो आहे. अर्धवट प्रयोगाचा पुरावा तिच्याविरुद्ध कसा चालेल? अस्थिरतेचेच बोलायचे तर इटलीत १९४६ पासून साठाहून अधिक सरकारे झाली, आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने गेले, हे आपण जाणताच.

भुईकोट:
निश्चित मुदत हाच तर धोका आहे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेच्या १९० सदस्यांनी, काहींनी तर आवाराची कुंपणे ओलांडून, सभागृह गाठले, १९० विरुद्ध शून्य मतांनी तो उठवण्याची मागणी मंजूर केली आणि काही तासांत तो उठला. एवढे करणारा माणूस अधिकृतपणे पदावरून दूर झाला तो मात्र ४ एप्रिल २०२५ रोजी, घटना न्यायालयाच्या निकालाने. मधले चार महिने देश अधांतरी होता. श्रीलंकेने १९७८ मध्ये संसदीय पद्धत सोडून कार्यकारी अध्यक्ष आणला. २०२२ मध्ये दिवाळखोरी ओढवली तरी गोटाबाया राजपक्षे हलले नाहीत, लोक त्यांच्या निवासस्थानात शिरल्यावरच हलले. याउलट ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांचे अर्थधोरण फसताच त्यांच्याच पक्षाने त्यांना पन्नासेक दिवसांत घरी पाठवले. महाभियोग नाही, न्यायालय नाही, रस्त्यावर कोणी नाही.

सोलापूरने १९३० चा लष्करी कायदा भोगला आहे. ज्या शहराने मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर जाताना पाहिले, तेथील माणसाने न हटवता येणारा कारभारी स्वतःहून मागावा, याचे मला नवल वाटते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हा पेच सरळ मांडला होता: अध्यक्षीय पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते, आणि भारताने जबाबदारी निवडावी, कारण तेथे कारभाराचा हिशेब पाच वर्षांनी एकदा न होता प्रश्न, ठराव आणि चर्चांतून रोज होतो.

बाळीवेस:
रोजचा हिशेब घेतो कोण? पक्षादेश (व्हिप) निघाला की आमदाराचे मत ठरलेले असते.

होटगी रोड:
बाळीवेस यांच्या या एका ओळीत धाग्याचा खरा विषय आला आहे. मुख्यमंत्री निवडतो कोण यावर येथे बरेच लिहिले गेले. त्याला हटवू शकणारी माणसे मोकळी आहेत की नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागा धोक्यात आली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी ब्रेक्झिटच्या प्रश्नावर स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिले. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले, पण त्यांची खासदारकी गेली नाही. आपल्याकडे एकट्याने प्रामाणिकपणे विरोध करणारा बाद होतो आणि दोन-तृतीयांश संख्या जमवून विलीन होणारे सुरक्षित राहतात. म्हणजे कायद्याने किरकोळ फूट महाग केली आणि घाऊक फूट परवडणारी. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की, पक्षादेश मोडल्याची अपात्रता विश्वास व अविश्वास ठरावांपुरती ठेवावी. तेवढे केले असते तरी इतर विषयांवर आमदाराला तोंड उघडता आले असते.

कोणी सोलापूरच्या महापौराचे उदाहरण दिले नाही, ते बरे झाले. महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. अडीच वर्षांचा महापौर थेट निवडला किंवा नगरसेवकांनी निवडला, तरी नळाला किती दिवसांआड पाणी येते, यात त्याने फारसा फरक पडणार नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आला, तेव्हा तर तोही प्रश्न उरला नाही.

चाटी गल्ली:
स्थैर्यच हवे असेल, तर जर्मनीचा मार्ग घ्यावा. तेथील मूलभूत कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार चान्सेलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, पाडायचे तर त्याच ठरावात नवा चान्सेलर निवडावा लागतो. एप्रिल १९७२ मध्ये चान्सेलर ब्रांट यांना हटवण्यासाठी २४९ मते हवी होती, विरोधकांना २४७ मिळाली आणि ब्रांट वाचले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी श्मिट यांच्या जागी कोल आले. सरकार पडले, देश एक दिवसही सरकारविना राहिला नाही.

बाळीवेस:
या नियमाने २०२२ चे आपल्याकडचे सत्तांतर थांबले नसते. पर्यायी बहुमत तयारच होते; ४ जुलैला शिंदे यांना १६४ मते मिळाली. जर्मन कलम पोकळी टाळते, फूट टाळत नाही.

होटगी रोड:
ते खरे आहे. म्हणून बाजू बदलणाऱ्याने, एकटा असो वा चाळीस जणांसह, राजीनामा देऊन पुन्हा मतदाराकडे जावे, एवढा एकच नियम ठेवावा आणि विलीनीकरणाची पळवाट काढून टाकावी.

बाळीवेस:
शेजारच्या कर्नाटकात तेही झाले. जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामी सरकार पडले, १७ आमदार बाद ठरले, डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि भाजपने १२ जिंकल्या. बाद ठरलेल्यांपैकी बहुतेक जण परत आले आणि त्यांतील अनेक जण मंत्री झाले.

भुईकोट:
मग आपली तक्रार काय उरली? मतदाराला विचारावे, ही आपलीच मागणी होती. त्याला विचारले आणि त्याने मान्यता दिली.

बाळीवेस:
पंधरा मतदारसंघांना विचारले. सरकार मात्र २२४ मतदारसंघांचे बदलले होते, आणि उरलेल्या दोनशे नऊ ठिकाणच्या मतदारांना कोणीच काही विचारले नाही. राजीनाम्याचा नियम मला मान्य आहे. पण मुख्यमंत्री बदलणार असेल, तर पोटनिवडणूक त्या आमदाराच्या तालुक्यापुरती का, याचे उत्तर संसदीय पद्धतीच्या बाजूने लिहिणाऱ्या तिघांपैकी कोणीतरी द्यावे.