अरबी न शिकता चौलच्या अरबी साधनांवर पीएच.डी. करता येईल का?

प्रश्न – रेवदंडा_वाचक

सप्रेम नमस्कार. मी इतिहासात एम.ए. केले असून, दहाव्या शतकातील चौल आणि उत्तर कोकणातील मुस्लिम व्यापाऱ्यांची वस्ती हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा असा विचार आहे. शिलाहारांचे ताम्रपट वाचण्यापुरते संस्कृत येते, पण अरबीचा गंध नाही. अरब लेखक ज्याला ‘सैमूर’ म्हणतात ते बंदर म्हणजे आपले चौल, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. मात्र त्या लेखकांचे जे काही मी वाचले ते इलियट आणि डाउसन यांच्या इंग्रजी भाषांतर-संग्रहाच्या 1867 च्या पहिल्या खंडातून, नाहीतर इतरांच्या ग्रंथांत आलेल्या अवतरणांतून. मूळ ग्रंथांची चांगली भाषांतरे आज उपलब्ध असताना त्यांच्या आधारावर प्रबंध उभा राहील का, की अरबी शिकण्यावाचून गत्यंतर नाही? शिकायचीच झाली तर आखाती देशांत नोकरीला जाणारे शिकतात ती बोली उपयोगी पडेल का? शिवाय हा विषय इतिहास विभागात नोंदवावा की इस्लामी अध्ययनात, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – नहव_आणि_सर्फ

मी अरबी शिकवतो, म्हणून स्पष्टच लिहितो. एखादा लेख भाषांतरांवर निभावेल, पीएच.डी.चा प्रबंध निभावणार नाही. बा, ता, सा, नून आणि या ही पाच अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा सांगाडा एकच असतो, वेगळेपण केवळ नुक्त्यांचे, म्हणजे वरखालच्या टिंबांचे. जुन्या हस्तलिखितांत हे नुक्ते अनेकदा दिलेले नसतात किंवा नकलकाराने अंदाजाने दिलेले असतात. ओळखीचा अरबी शब्द असेल तर संदर्भाने तो लागतो, पण बगदादच्या किंवा कैरोच्या नकलकारापुढे कोकणातल्या गावाचे किंवा राजाचे नाव आले की तो अडखळतो, आणि त्याच्या चुकीवरून पुढची हस्तलिखिते तयार होतात. भाषांतरात यातले काहीच दिसत नाही. तिथे संपादकाने निवडलेला एकच पाठ निःशंकपणे उभा असतो, आणि तुमचा विषय तर नेमका स्थलनामांचा व व्यक्तिनामांचा आहे.

आखाती बोलीचा इथे उपयोग नाही. अभिजात गद्य वाचायला सर्फ, म्हणजे शब्दरूपे, आणि नहव, म्हणजे वाक्यरचना, या दोन्हींचा पाया लागतो. रोज तासभर नियमाने दिल्यास दोनएक वर्षांत भूगोलवेत्त्यांचे सरळ गद्य कोशाच्या मदतीने वाचता येऊ लागते. तुम्हाला संस्कृत येत असल्याने धातूवरून शब्द सिद्ध करण्याची सवय आहे, ती फार कामी येईल. कोशांपैकी हान्स वेअरचा कोश हाताशी ठेवावा, परंतु तो आधुनिक लिखित अरबीचा आहे, दहाव्या शतकातल्या अर्थासाठी त्याच्यावर विसंबू नये. लेनचा कोश जुन्या अरबी कोशांवर आधारलेला आणि अतिशय विश्वासार्ह आहे, मात्र 1876 मध्ये लेन वारला तेव्हा काम क़ाफ (ق) या अक्षराच्या आसपास आले होते, त्यामुळे शेवटच्या अक्षरांचा भाग त्रोटक आहे. तिथे इब्न मन्झूरचा ‘लिसानुल अरब’ हा जुना अरबी कोश उघडावा लागतो. त्यात शब्द धातूच्या शेवटच्या अक्षरावरून शोधायचा असतो. ‘कतब’ हा धातू काफमध्ये (ك) नव्हे तर ‘बा’च्या प्रकरणात मिळतो. हे एकदा अंगवळणी पडले की अडचण येत नाही.

उत्तर 2 – ताम्रपट_अभ्यासक

वरील उत्तराशी सहमत आहे, पण मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे कोणी स्वतः पाहून लिहिले आणि कोणी दुसऱ्याचे उतरवून घेतले, याचा निवाडा. अरब प्रवासी व इतिहासकार अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये सैमूरला स्वतः आलेला होता. हे वर्ष 916 च्या जुलैमध्ये सुरू होऊन 917 मध्ये संपते, म्हणून प्रबंधात सरसकट ‘इ.स. 916’ असे लिहू नये. तिथला राजा म्हणून तो ‘जांज’ असे नाव देतो, आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांत त्याच सुमारास झंझ राजा होऊन गेला. समुद्रापलीकडून आलेल्या लेखकाने दिलेले नाव स्थानिक वंशावळीत असे चपखल बसावे, हा योग अपूर्व आहे.

याच्या उलट भूगोलवेत्ता अल-इद्रीसी याचे पाहा. 1154 मध्ये सिसिलीच्या रॉजर राजाच्या दरबारी ग्रंथ पूर्ण करताना तोही ‘बल्हरा’ राजाचा उल्लेख करतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचे बिरुद. आणि राष्ट्रकूटांची सत्ता 973 मध्ये तैलप चालुक्याने संपवली होती. जुन्या ग्रंथांतले बिरुद राजवट बुडाल्यावरही पुढच्या ग्रंथांत चालत राहिले, आणि हे ध्यानात न घेता इद्रीसीचा मजकूर बाराव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरणारे लेखन आजही होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. दहाव्या शतकातील भूगोलवेत्ते इस्तख्री आणि इब्न हौकल यांचीही वाक्येच्या वाक्ये सारखी आहेत. त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानू नये.

पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा शके 848, म्हणजे इ.स. 926 चा ताम्रपट तुमच्या विषयाचा कणा ठरेल. इंद्र तिसरा याच्या काळात संयान मंडलावर, म्हणजे संजाणच्या परिसरावर, ताजिक, म्हणजे अरब, जमातीचा सुगतिप नावाचा अधिकारी होता, त्याचे दुसरे नाव मधुमती. पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप मानले. त्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत नावांची सोय केली, अन्नछत्र घातले आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला दान दिले. बल्हराच्या राज्यात मुसलमानांवर मुसलमानच अधिकारी नेमला जातो, असे इस्तख्री लिहितो ते याच शतकात.

उत्तर 3 – फिक्ह_वाचक

ताम्रपट_अभ्यासक यांनी शेवटी जी सांगड घातली आहे, तिच्याबाबत थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. सुगतिप हा संपूर्ण मंडलाचा अधिकारी होता, सर्व धर्मांच्या प्रजेचा. मसऊदीने सैमूरला ज्या अबू सईद मारूफ इब्न झकरिया याचे नाव दिले आहे, तो ‘हुनरमन’ होता, म्हणजे केवळ मुसलमानांचा प्रमुख, ज्याच्याकडे त्यांचे तंटे जात. ही दोन पदे निरनिराळी आहेत आणि इस्तख्रीचे वाक्य दुसऱ्या पदाशी अधिक जुळते. मुस्लिमेतर राजाने नेमलेल्या माणसाचा निवाडा ग्राह्य धरावा का, या प्रश्नाचा फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याच्या, ग्रंथांनी पुढे पुष्कळ ऊहापोह केला. तो वाचल्याशिवाय हुनरमन म्हणजे नक्की कोण हे उलगडणार नाही. माझ्या मते म्हणूनच नोंदणी इतिहास विभागात करावी आणि सहमार्गदर्शक इस्लामी अध्ययनातला घ्यावा.

सैमूरला दहा हजार मुसलमान होते असा आकडा मसऊदी देतो, त्याला जनगणना समजू नये, तो ढोबळ अंदाज आहे. सीराफ, ओमान, बसरा व बगदादचे लोक, आणि हिंदुस्थानातच मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले ‘बयासिरा’, हा जो तपशील मसऊदी देतो तो मात्र सोन्यासारखा आहे. तिथे केवळ ये-जा करणारे व्यापारी नव्हते, पिढी रुजली होती.

रेवदंडा_वाचक

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. विषयनोंदणीपूर्वीच अरबीच्या वर्गात नाव घालायचे ठरवले आहे. मसऊदीची कोणती प्रत वापरावी आणि ‘मकतबा शामिला’ या अरबी ग्रंथांच्या संगणकीय संग्रहातील पाठ उद्धृत केला तर चालेल का, एवढे कृपया सांगावे.

उत्तर – नहव_आणि_सर्फ

शामिला शब्द शोधण्यासाठी अवश्य वापरा, उद्धृत मात्र छापील चिकित्सक आवृत्तीतूनच करा, कारण संगणकीय पाठात संपादकाच्या पाठभेदांच्या टिपा बहुधा गाळलेल्या असतात आणि तुम्हाला नेमक्या त्याच हव्यात. मसऊदीच्या ‘मुरूजुझ्झहब’ची पॅरिसची 1861 ते 1877 मधील नऊ खंडांची आवृत्ती सुरुवातीला सोयीची आहे, कारण तिच्या प्रत्येक पानावर वर अरबी आणि खाली फ्रेंच भाषांतर आहे. अंतिम संदर्भ मात्र शार्ल पेला यांनी सुधारून बैरुतहून काढलेल्या आवृत्तीचा द्यावा. तिच्या सूचिखंडांत विशेषनामांवर टिपा आहेत. इलियट-डाउसनचा कोणताही उतारा घेताना शापुरशाह होडीवाला यांनी 1939 मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केलेली त्याची चिकित्सा शेजारी उघडून ठेवावी. पहिल्या सत्रात सैमूरचा तेवढा एक उतारा घ्या, पाठभेदांसह स्वतःच्या हाताने उतरवून काढा आणि शब्द न् शब्द लावून पाहा. अडेल तिथे इथेच विचारा.