रात्री काळजीनं झोप लागत नाही, प्रार्थना नेमकी कशी करावी?

प्रश्न (धुळे): कापसाची वेचणी सुरू झाली की भाव, मजुरी, सोसायटीचा हप्ता हेच डोक्यात फिरतं. ‘प्रार्थना कर’ सगळेच सांगतात, पण कशी? पाच मिनिटांत मन परत हिशोबावर येतं.

उत्तर 1: भाऊ, बायबलमधलं फिलिप्पैकरांस 4:6 बघा. प्रार्थना, विनंती आणि सोबत आभार. ‘सगळं नीट कर’ असं मोघम मागू नका. वहीत एकच ओळ लिहा: ‘शुक्रवारी वेचणीचे पैसे द्यायचेत.’ ती मोठ्यानं वाचून मागा, मग आजच्या एका गोष्टीचे आभार माना. बहुतेकांचे आभारच राहून जातात आणि प्रार्थना म्हणजे काळजीचीच उजळणी होते.

उत्तर 2: मत्तय 6:34 उद्याची चिंता नको म्हणतं, हिशोब नको असं नाही. तो दिवसाच कागदावर उरका. रात्री स्तोत्र 23 चं पहिलं वचन, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’, श्वासासोबत म्हणा, अर्धं घेताना, अर्धं सोडताना. मोबाईलवर नको, कापसाच्या भावाचे मेसेज दिसतातच.

उत्तर 3: दोन आठवडे झोपच नसेल तर चर्चच्या पाळकांना सांगा, पण डॉक्टरही गाठा. टेली-मानस 14416 ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन फुकट आहे. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. कलस्सैकरांस 4:14 मध्ये शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला वैद्यच म्हटलंय.