अभंगावर कॉपीराइट असतो का? क्ले अ‍ॅनिमेशनसाठी विचारतोय

मातीकाम: मंडळी, घरच्या घरी ४ मिनिटांची स्टॉप-मोशन केलीय, बी रुजून झाड होतं एवढीच गोष्ट, सेकंदाला १२ फ्रेम म्हणजे २८८० फोटो, शाडू वाळून तडकायची म्हणून अर्धं झाड तीनदा केलंय 😅 मागे 'आधी बीज एकले' टाकलंय, आईने गायलेलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आता फेस्टिव्हलच्या फॉर्मवर संगीताच्या परवानगीचं पत्र मागतायत. तुकोबांचा अभंग, पावणेचारशे वर्षं झाली, परवानगी मागायची कोणाकडे? मित्र म्हणतो ३० सेकंदांपर्यंत चालतं आणि खाली क्रेडिट दिलं की झालं.

संकलक_पुणे: ३० सेकंदवालं कायद्यात कुठेच नाहीये, कोणी उठवलं देव जाणे. क्रेडिट देणं चांगलंच पण ती परवानगी नव्हे. गाण्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या धर, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द आणि चालीचा हक्क ती करणारा गेल्यानंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६०. तुकोबांचे शब्द मोकळेच, पण लतादीदींनी गायलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या गाजलेल्या चाली संगीतकार श्रीनिवास खळ्यांच्या, ते गेले २०११ ला, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांब. आईने गायलं म्हणून रेकॉर्डिंग तुमचं झालं, चाल नाही होत.

जुनीतबकडी: अरे थांबा थांबा, मूळातच घोळ आहे. 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाहीच!! १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, चाल केशवराव भोळ्यांची. इतकं अस्सल उतरलंय की लोक गाथेत शोधत बसतात, आमचे अण्णाही शोधायचे. गंमत बघा, त्या सिनेमातलं मूळ रेकॉर्डिंग ६० च्या हिशोबाने कधीच मोकळं झालंय पण आठवले आणि भोळे दोघांनाही जाऊन अजून ६० वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे शब्द आणि चाल दोन्ही अडकलेलं.

मातीकाम: काय सांगता!! आईला सांगितलं तर ती म्हणते तुझ्या त्या नेटवरच्या लोकांना काही कळत नाही 😂 मग आता? गाणं बदलून नेटवरचं फ्री म्युझिक टाकू का?

संकलक_पुणे: टाक, पण फ्री लिहिलंय म्हणून डोळे मिटून नको. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे मालकाने काही अटींवर वापरायला दिलेल्यात, 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' (रूपांतर करायला मनाई) वालं असेल तर ते व्हिडिओला जोडताच येत नाही, चित्राला संगीत जोडलं की ते रूपांतर धरतात. नुसतं 'अ‍ॅट्रिब्युशन' (फक्त नाव द्यायची अट) असेल ते घे. आणि आधी यूट्यूबवर चढवून बघू, क्लेम नाही आला तर ओके, असं करू नकोस, ते मशीन फक्त त्याच्याकडे नोंदलेलं ओळखतं.

जुनीतबकडी: माझं ऐकशील तर आईलाच गाऊ दे. 'वृक्षवल्ली आम्हा सोयरीं वनचरें' घ्या, तो खरंच गाथेतला आहे आणि तुझ्या झाडालाही शोभेल. फक्त कॅसेटवरची चाल नको, गावच्या भजनी मंडळाची वारकरी चाल असते ना पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यात म्हणायला लावा.

मातीकाम: भजनी चाल आईला येते, मामांच्या दिंडीतली. पण ती भलतीच संथ आहे हो, कोंब फुटतो तिथे टाळ पडायला हवा, म्हणजे निदान दोनशे फोटो परत काढावे लागणार. शाडू आणायला निघालोय.