दक्षिण सोलापूर : कोळशाच्या गावांत सौरऊर्जेला पाठिंबा कसा उभा करायचा? (तिघांची चर्चा, टोपणनावांनी)

ताणाबाणा : फताटेवाडी-आहेरवाडीच्या 1320 मेगावॅटच्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाभोवतीच्या गावांत सौरऊर्जेच्या बाजूने ग्रामसभेचे ठराव हवेत, नंतर उमेदवारांकडून लेखी आश्वासन. पण 'हवामान बदल' म्हटलं की लोक उठून जातात. वर कंत्राटदारांचा सवाल तयार : "प्रकल्प बंद पडला तर पोरं कुठं जातील?"

भीमाकाठ : गेटसमोर मोर्चा अजिबात नको. आतले कंत्राटी कामगार याच गावांतले, ते पहिल्याच दिवशी तुटतात. मागणी दिवसाच्या विजेची ठेवा. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्याला बाकी काही समजवावं लागत नाही. सौर कृषी वाहिनी 2.0 (शेतीला दिवसा सौरवीज देण्याची राज्याची योजना) मध्ये जागेला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल 5 लाख. मात्र गायरान सुचवण्याआधी मेंढरंवाल्यांना विचारा, नाहीतर ठरावाला विरोध गावातूनच होतो.

गटनंबर : ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांत कमी असेल ती. खरी गंमत प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात. "सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, जागेचा गट नंबर, उपकेंद्राचं नाव, कोणत्या कार्यालयाने काय करायचं, हे सगळं लिहून सभेतच वाचून घ्या, मगच सह्या. नक्कल लगेच मागा. वीज नियामक आयोगात वीजदर ठरवण्याची याचिका आली की तीच हरकतीला जोडा : विद्युत कायदा 2003, कलम 64 प्रमाणे आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. यंत्रमागवाल्यांना सोबत घ्या, बिलाचा चटका त्यांनाही आहे.

ताणाबाणा : आणि प्रकल्पाला जाणाऱ्या उजनी धरणाच्या पाण्याचा मुद्दा?

भीमाकाठ : तो शहरात चालेल. 2017 नंतरच्या औष्णिक संचांना मेगावॅट-तासाला 3 घनमीटर पाणी ही कमाल मर्यादा. 1320 मेगावॅट दिवसभर पूर्ण चालले तर साडेनऊ कोटी लिटर. समोरचा "ऊस किती पितो?" विचारणारच. उत्तर नसेल तर आकडा काढू नका.

गटनंबर : उमेदवाराकडे जाण्याआधी निवडणूक रोख्यांची (पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांची) यादी पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला ही रोखे योजना रद्द केल्यावर निवडणूक आयोगाने यादी जाहीर केली. कोणत्या कंपनीचे रोखे कोणत्या पक्षाने वटवले ते क्रमांकावरून जुळतं. आरोप करू नका. एकच प्रश्न लेखी द्या : "या फीडरला (गावाच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज कोणत्या महिन्यापासून?" उत्तरावर सही आणि तारीख घ्या, 'प्रयत्न करू' चालणार नाही.