कॉलनीतला रस्ता शॉर्टकट झालाय, पोरांना सायकल चालवण्यासारखा कसा करायचा? (इंदिरानगर, नाशिक)

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. आम्ही वडाळा-पाथर्डी रोडच्या आतल्या बाजूला राहतो. संध्याकाळी मेन रोडला गाड्या तुंबल्या की सगळे आमच्या गल्लीत घुसतात, त्यात रस्ता नवीन झालाय म्हणून जो तो सुसाट. दोन्ही बाजूंना कार लावलेल्या, फूटपाथवर कुणाचा रॅम्प कुणाच्या कुंड्या, मग जॉगिंग ट्रॅकला जाणारे आजी-आजोबा भर रस्त्यातून चालतात. मुलगी सहावीत आहे, शाळा जवळ आहे, तिला सायकलने जायचंय पण कोपऱ्यावरून गाड्या ज्या स्पीडने वळतात ते बघून पाठवायची हिंमत होत नाही. सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये सगळे एकच म्हणतात, स्पीडब्रेकर टाका. तेवढ्याने भागेल का? नेमकं काय मागायचं ते सांगा.

पेडलवाला_नाशिक:
मागा, पण कसला ते अर्जात लिहूनच मागा. नाहीतर रातोरात डांबराचा टोकदार उंचवटा पडतो, स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाची कंबर जाते, आणि बाइकवाले तो चुकवायला कडेच्या फटीतून काढतात, म्हणजे बरोबर तिथून जिथून पोरं सायकल चालवतात. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या गाइडलाइनमध्ये गोलाकार हंप दिलाय, गाडी जाते त्या दिशेने लांबी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ ने गेलात तर दणका बसत नाही, जोरात गेलात तर बसतो. वर पांढरे पट्टे आणि अलीकडे बोर्ड हवाच, रात्री दिसला नाही तर तोच अपघात घडवतो.
बाकी आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते, आणि त्याच गावात सहावीतल्या पोरीला शाळेपर्यंत सायकल नेता येऊ नये याचं मला फार वाईट वाटतं.

नकाशा_आणि_पट्टी:
रस्त्यांच्या डिझाइनचं काम करते म्हणून थोडं सविस्तर. हंप ठीक आहे पण दोन हंपांच्या मध्ये लोक परत पळवतात. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, बोर्ड कितीही लावा. म्हणून आधी कोपरे बघा. वळण जेवढं मोठं आणि गोल तेवढी गाडी ब्रेक न लावता वळते, तिथला कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, पुढे आणून कोपरा टोकदार केला की स्पीड कमी करावाच लागतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. दुसरं, पार्किंग एकाच बाजूला ठेवा आणि निम्म्या गल्लीनंतर बाजू बदला, सरळ रेष मोडते. तिसरं, पोरं आणि म्हातारी माणसं जिथून ओलांडतात तिथे क्रॉसिंग फूटपाथच्या लेव्हलला उचलून घ्या. फूटपाथ चालायला १.८ मीटर मोकळा पाहिजे आणि कर्ब १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आजी त्यावर चढणारच नाहीत.
स्पीडचा एवढा आग्रह का तर ३० ने चाललेली गाडी ड्रायव्हरला ब्रेक सुचेपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, ८ मीटर पुढे जाते, ५० ने असेल तर जवळपास १४, आणि धडकेचा जोर पावणेतीन पट. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा ठेवा असं रस्ता सुरक्षेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय ते यासाठीच.

काकडे_काका:
ताई, कागदावर छान आहे. एका बाजूचं पार्किंग काढलं तर त्या गाड्या कुठे जाणार? आणि घंटागाडी, टँकर, अ‍ॅम्ब्युलन्स वळणार कशी? आमच्या गल्लीत रात्री पेशंट न्यायची वेळ आली होती, त्यामुळे ही काळजी उगाच नाही.

नकाशा_आणि_पट्टी:
काका, काळजी रास्त आहे. म्हणून आधी पक्कं काही बांधायचंच नाही. चुन्याने रेषा मारायच्या, कोपऱ्यावर ट्रॅफिक कोन आणि कुंड्या ठेवायच्या आणि घंटागाडीवाल्या दादांनाच वळून दाखवायला सांगायचं, अडकली तर कोन मागे. महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आणि ट्रॅफिक पोलिसांना आधी लेखी कळवा.

गोदेकाठची_आई:
एक मुद्दा राहिला आणि माझ्या मते तोच मोठा. हे सगळं करून बाहेरच्या गाड्या हळू येतील, पण येतीलच ना? गल्लीच्या मध्यावर खांब लावून आरपार कारचा रस्ता बंद करा. चालणारे आणि सायकली मधून जातील, बाइक घुसू नयेत म्हणून खांबांमधलं अंतर विचारून ठरवा. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी मधला खांब काढता येईल असा घ्या, किल्ली वॉचमनकडे. रहिवाशांना एका बाजूने थोडा वळसा पडेल, भांडण होईल त्यावरच. पण शॉर्टकटच उरला नाही तर त्या गल्लीत फक्त तिथे राहणाऱ्यांच्या आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांच्या गाड्या राहतील, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

इंदिरानगरकर:
मनापासून आभार सगळ्यांचे. खांबांचं डोक्यातच आलं नव्हतं. काका, तुमच्यासारखेच प्रश्न आमच्याकडेही येणार, म्हणून आधी कोपऱ्यांची चुन्याची ट्रायल आणि संध्याकाळी ६ ते ८ आरपार जाणाऱ्या गाड्यांची मोजणी, आकडे हातात घेऊनच मीटिंगला जातो. ताई, अर्जासोबत जोडायला कोपऱ्याचं एक साधं स्केच मिळेल का? आणि कुणाकडे ट्रॅफिक कोन असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.