'शेतातलं दृश्य' म्हटलं की सगळ्यांचं चित्र एकच. काय करावं?

चोपड्याचा कलाशिक्षक: नमस्कार मंडळी. आठवीचा वर्ग, ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. स्मरणचित्र दिलं की दोन डोंगर, मधून सूर्य, कौलारू घर आणि नारळाचं झाड. बाहेर केळी-कापूस, कागदावर नारळ! एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसवायचंय. हात बरे आहेत, पण स्वतःचं काही सुचत नाही.

रेघोटी, धुळे: सुचत नाही असं नाही सर, नीट बघितलेलंच नसतं. टेबलावर केळ्याची एक फणी ठेवा. पहिली ५ मिनिटं कागदाकडे न बघता काढायचं: नजर फणीच्या कडेवरून जितकी हळू सरकेल, तितकीच पेन्सिल. वेडंवाकडं येणारच, त्याला गुण देऊ नका. मग तीच फणी १५ मिनिटं बघून. केळं म्हणजे गोल नळी नाही, त्याला धारा असतात, हे तेव्हा दिसतं. पेन्सिल २बी. खोडरबर गोळा करून ठेवा. तो हाताशी असला की पोरं रेघ पुसून पुन्हा तीच ओढतात. नसला की शेजारी दुसरी ओढतात आणि तुलनेला दोन्ही समोर राहतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी: खोडरबरबंदी सरावापुरतीच हं, परीक्षेत सफाई लागते. स्मरणचित्रासाठी मात्र थेट मोठ्या कागदावर जाऊ देऊ नका. पाठकोऱ्या कागदावर ५ × ७ सेंमीचे चार चौकोन, विषय एकच, बघायची जागा वेगळी: केळीच्या बागेत खाली बसून, ट्रॉलीवर उभं राहून, घडाच्या अगदी जवळून. पहिल्यात डोंगर-सूर्य येणार, येऊ द्या. खरी अडचण चौथ्याला. तिथे सुचवायचा मोह आवरा. 'ऊन कुठून येतंय? घड कोण उचलतंय?' एवढंच विचारा. फळ्यावर नमुना काढलात की खेळ खल्लास, ४५ नकला हातात. चौकट सुचत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेत त्याच मापाची खिडकी कापून द्या, तिच्यातून बाहेर बघू देत.

भुलाबाई: शेवटची ५ मिनिटं चित्रं भिंतीवर. रोज चारच, सगळी घेतली तर कुणाचंच धड होत नाही. 'छान', 'मस्त' चालणार नाही. आधी काय दिसतंय, मग नजर पहिल्यांदा कुठे गेली, शेवटी काढणाऱ्यानंच सांगायचं की पुढच्या वेळी काय बदलेल. अहिराणीत बोलू द्या. पुस्तकी मराठीच्या धाकानं निम्मी पोरं तोंडच उघडत नाहीत.

चोपड्याचा कलाशिक्षक: ३५ मिनिटांत हे सगळं?

रेघोटी, धुळे: एका तासाला एकच. या आठवड्यात फणी, पुढच्या आठवड्यात चौकोन. कागद मात्र फेकू नका, तारीख टाकून फाइलला लावा.